पाठीवरचे बिऱ्हाड

एमसीएच्या शेवटच्या सत्रात आमच्या गटाने ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर केले होते. व्हीबी सिक्स आणि अ‍ॅक्सेस. त्या काळी निम्मा वर्ग याच जोडीवर पास होत असे. हॉस्टेलच्या खोलीतल्या मशीनवर ते लोण्यासारखे चालायचे. तोंडी परीक्षेच्या दिवशी सीडीवर घालून लॅबमध्ये नेले, हार्ड डिस्कवर कॉपी केले, आयकॉनवर डबल क्लिक केले आणि पडद्यावर एकच छोटी खिडकी उगवली: फाइल सापडत नाही. प्रोग्रॅममध्ये डेटाबेसचा पत्ता आम्ही डी ड्राइव्हचा लिहिला होता. लॅबच्या मशीनवर डी म्हणजे सीडी ड्राइव्ह. बाहेरून आलेले परीक्षक चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘‘हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे की तुमच्या खोलीचं?’’

शेजारच्या गटातल्या एकाने कानात सांगितले, ‘‘अरे, अ‍ॅप डॉट पाथ टाक.’’ व्हीबीमधला हा शब्द म्हणजे ‘मी आत्ता ज्या फोल्डरमधून चाललोय तो फोल्डर’. घाईघाईने तो टाकला, पुढे फाइलचे नाव चिकटवले, प्रोग्रॅम चालला, गुण मिळाले. पंधरा दिवसांनी तेच सॉफ्टवेअर ग्रंथपालांच्या मशीनवर एका फोल्डरमध्ये ठेवले आणि पुन्हा तीच खिडकी. लॅबमध्ये आम्ही ते थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवले होते. तिथे अ‍ॅप डॉट पाथच्या शेवटी तिरकी रेघ आपोआप येते. फोल्डरमध्ये ठेवले की येत नाही. रेघ नसल्याने फोल्डरचे नाव आणि फाइलचे नाव एकमेकांना चिकटून भलताच पत्ता तयार होत होता.

‘मी कुठे आहे?’ हा प्रश्न प्रोग्रॅमने स्वतःला विचारावा की नाही, विचारला तर उत्तर कोणाकडून घ्यावे आणि मिळालेल्या उत्तराचे काय करावे, यावर डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या जगात गेली चाळीस वर्षे वेगवेगळी घराणी नांदत आहेत. त्या घराण्यांचा हा आढावा.

कोणतेही सॉफ्टवेअर एकटे नसते. आयकॉन, मेनूचे भाषांतर, शुद्धलेखनाचा शब्दकोश, फॉन्ट, नमुना फाइली, मदतीची पाने आणि स्वतःच्या लायब्रऱ्या असा सगळा संसार असतो. तो शोधायचे मार्ग मुळात तीनच. बांधणीच्या वेळीच पत्ता प्रोग्रॅमच्या पोटात कोरून ठेवायचा. किंवा इन्स्टॉल करताना तो तिसऱ्या कोणाकडे तरी नोंदवायचा आणि दरवेळी त्याला विचारायचे. किंवा स्वतःची जागा ओळखून तिथून शेजारीपाजारी बघायचे. आपल्याकडे म्हणतात तसे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तो हा तिसरा मार्ग. माझा कल कुठे आहे ते मथळ्यावरून कळलेच असेल, पण पहिल्या दोघांना मूर्ख ठरवण्याची घाई नको.

पत्ता कोरण्याची परंपरा युनिक्सची. सोर्स कोड उतरवून घेतला की ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालवायची. ती एक ‘प्रीफिक्स’ ठरवते, बहुधा ‘/यूएसआर/लोकल’, आणि मग प्रोग्रॅमच्या आत तोच पत्ता अक्षरशः मजकूर म्हणून जाऊन बसतो. तयार प्रोग्रॅमवर ‘स्ट्रिंग्ज’ ही कमांड चालवली तर तो डोळ्यांनी वाचता येतो. यामागे शहाणपण होते. मशीन एक, वापरणारे शंभर, आणि सांभाळणारा प्रशासक एक. प्रोग्रॅम ‘बिन’मध्ये, माहितीच्या फाइली ‘शेअर’मध्ये, सेटिंग ‘ईटीसी’मध्ये, अशी वाटणी केली की बॅकअप कशाचा घ्यायचा, नेटवर्कवरून कोणता भाग सगळ्यांना वाटायचा, हे ठरवता येई. १९९४पासून लिनक्सच्या जगाने ही वाटणी लिहूनही ठेवली. अशा वाड्यात प्रत्येक भाडेकरू आपले सामान पाठीवर घेऊन हिंडत नाही. भांडी माजघरात, सरपण परसात.

अडचण येते ती प्रशासक नसलेल्याला. कॉलेजच्या सर्व्हरवर ज्याला फक्त स्वतःच्या होम फोल्डरपुरता अधिकार आहे त्याला तयार प्रोग्रॅमची प्रत मिळून उपयोग नसतो, कारण ती प्रत ‘/यूएसआर/लोकल’मध्येच आपला संसार शोधत बसते. त्याने सोर्सपासून पुन्हा बांधायचे, नव्या प्रीफिक्सने. फोल्डरचे नाव बदलले की परत.

याच युनिक्स घराण्यात एक जुना, फारसा न मिरवलेला अपवाद आहे, आणि मला तो सगळ्यांत देखणा वाटतो: टेक लाइव्ह. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत साध्या एका पानासाठीही फॉन्ट, मॅक्रो आणि हायफनेशनच्या तक्त्यांसह डझनावारी फाइली लागतात, आणि पूर्ण संच काही जीबींचा. त्या शोधण्याचे काम ‘केपाथसी’ नावाची लायब्ररी करते. प्रोग्रॅम सुरू होताच ती तीन नावे भरते: ‘सेल्फऑटोलॉक’ म्हणजे प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये आहे तो, ‘सेल्फऑटोडिर’ म्हणजे त्याच्या वरचा आणि ‘सेल्फऑटोपेरेंट’ म्हणजे त्याच्याही वरचा. प्रोग्रॅम ‘बिन’मधल्या मशीनच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून दोन पायऱ्या चढले की संचाचे मूळ हाती लागते, आणि पुढचे सगळे पत्ते तिथून मोजले जातात. त्यामुळे टेक लाइव्ह सरळ डीव्हीडीवरून चालवता येई आणि आजही पेन ड्राइव्हवरून चालते. झीटेक वापरून देवनागरीत पुस्तके लावणाऱ्या कोणीही हा अख्खा संच एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नुसता कॉपी करून पाहावा. चालतो.

पायथॉनची रीतही याच जातीची. दुभाषा प्रोग्रॅम स्वतःच्या जागेपासून वर वर चढत जातो आणि ‘लिब’मध्ये ‘ओएस डॉट पीवाय’ ही खुणेची फाइल दिसली की ‘हेच माझे घर’ म्हणतो. गंमत अशी की त्याच पायथॉनचे ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ मात्र हलवता येत नाही, कारण त्यातल्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत पूर्ण पत्ता कोरलेला असतो. फोल्डरचे नाव बदलून बसलेले आणि मग कपाळाला हात लावणारे निदान तीन सहकारी मी पाहिले आहेत. एकदा चौथा मीच होतो.

विंडोजने दुसरा मार्ग धरला. विंडोज ३.१च्या काळात जो तो आपली आयएनआय फाइल विंडोजच्याच फोल्डरमध्ये टाकून मोकळा होई. १९९५नंतर रजिस्ट्रीचा जमाना आला: कोण कुठे राहतो, कोणती फाइल कोणी उघडायची, शेवटचा रंग कोणता निवडला होता, सगळे एका सरकारी दप्तरात. इन्स्टॉल करणे म्हणजे त्या दप्तरात नाव चढवणे. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ची सवय लागलेल्या पिढीला फोल्डर कॉपी करून सॉफ्टवेअर नेता येते हेच खरे वाटेनासे झाले. त्याचा जाच कोणाला झाला ते डीटीपीवाल्यांना विचारा. युनिकोडपूर्वीच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये, सेटिंग रजिस्ट्रीत, परवाना मशीनच्या मागे खोचलेल्या डोंगलमध्ये. मशीन बदलले की दुकान दोन दिवस बंद. फॉन्ट स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवून, विंडोजमध्ये इन्स्टॉल न करता, फक्त आपल्यापुरता वापरण्याची सोय विंडोज २०००पासून होती; वापरली फार थोड्यांनी.

‘एकच एक्सई, इन्स्टॉल नको’ असे दिसले की सॉफ्टवेअर पोर्टेबल आहे असे आपण समजतो. दूरच्या सर्व्हरला जोडून देणारी पुट्टी हे त्यावरचे चांगले औषध. एकुलती एक फाइल, कुठूनही चालते. पण त्यात जपलेले सर्व्हरचे पत्ते विंडोजवर रजिस्ट्रीत जातात. पेन ड्राइव्हवरून पुट्टी नेलीत, पत्ते ऑफिसच्या मशीनवरच राहिले. प्रोग्रॅम हलला, बिऱ्हाड हलले नाही.

तिसऱ्या मार्गाचे मूळ बहुतेकांना मॅकमध्ये दिसते, आणि ते अर्धे खरे आहे. १९८४च्या मॅकमध्ये फाइलला दोन शाखा असत. दुसऱ्या शाखेत आयकॉन, मेनू, खिडक्यांचे आराखडे बसत. म्हणजे सगळा संसार एका फाइलीच्या पोटात. घर उचलून फ्लॉपीवर टाकले की झाले. फक्त ती फ्लॉपी डॉसची असली तर दुसरी शाखा गळून पडे आणि हाती निर्जीव टरफल उरे.

माझ्या मते खरी झेप ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीच्या रिस्क ओएसने घेतली, १९८०च्या दशकाच्या अखेरीस. तिथे ज्या फोल्डरचे नाव उद्‌गारचिन्हाने सुरू होते तो फोल्डर म्हणजेच अ‍ॅप्लिकेशन. त्यावर डबल क्लिक केले की आतली ‘!रन’ ही फाइल चालते. शिफ्ट दाबून केले की फोल्डर उघडतो. ‘!रन’ चालताना ‘ओबे$डिर’ या नावात तिचा स्वतःचा फोल्डर आपोआप भरलेला असतो, आणि फाइलची पहिली ओळ बहुधा एवढेच करते: तो पत्ता अ‍ॅप्लिकेशनच्या नावाने जपून ठेवते. पुढचे सगळे त्या नावापासून. इन्स्टॉल म्हणजे फोल्डर ओढून आणणे, काढून टाकणे म्हणजे फोल्डर पुसणे. अमिगाने १९९०च्या सुमारास ‘प्रोगडिर’ हे असेच नाव दिले. नेक्स्टस्टेपने १९८९मध्ये ‘डॉट अ‍ॅप’ नावाचे बंडल आणले, तेच २००१मध्ये मॅक ओएस टेनमध्ये आले आणि आज प्रत्येक मॅकवर आहे. वरून एक आयकॉन, आत ‘कंटेंट्स’ फोल्डर, त्यात प्रोग्रॅम एकीकडे आणि ‘रिसोर्सेस’ दुसरीकडे. प्रोग्रॅमरने पत्ता जोडत बसायचे नाही; ‘माझ्या बंडलमधली अमुक फाइल दे’ म्हणायचे.

ज्यांच्या नशिबी अशी व्यवस्था नाही त्यांनी आपली जागा ओळखायची कशी? नवशिका दोन चुकीच्या दारांवर हमखास जातो. पहिले दार ‘चालू फोल्डर’चे. प्रोग्रॅम स्वतःच्या फोल्डरमधून चालवला की चालू फोल्डर तोच असतो, म्हणून विकसकाच्या मशीनवर सगळे ठीक. वापरणाऱ्याने प्रोग्रॅमऐवजी त्याच्या एखाद्या दस्तऐवजावर डबल क्लिक केले की चालू फोल्डर बहुधा दस्तऐवजाचा होतो. मॅकवर फाइंडरमधून चालवले की तो थेट डिस्कचे मूळ होतो. आणि जुन्या विंडोजवर त्याहून छळवादी प्रकार: ‘ओपन’च्या खिडकीतून दुसऱ्या फोल्डरमधली फाइल उघडली की चालू फोल्डर तुमच्या पायाखालून सरकतो. सकाळी मदतीची पाने उघडतात, दुपारी उघडत नाहीत, आणि ग्राहक फोनवर सांगतो, ‘‘कधी कधी होतं हो असं.’’

दुसरे दार प्रोग्रॅमला मिळणाऱ्या पहिल्या शब्दाचे, म्हणजे ‘आर्गव्ही शून्य’चे. यात प्रोग्रॅमचे नाव येते खरे, पण ते चालवणाऱ्याने सांगितलेले. नुसते ‘ग्रंथ’ असे टाइप केले तर नुसते ‘ग्रंथ’ येईल, आणि मग पाथमधले सगळे फोल्डर तुम्ही धुंडाळायचे. चालवणाऱ्याने खोटे नाव दिले तरी युनिक्स हरकत घेत नाही. लॉगिनच्या वेळी शेलच्या नावाआधी मुद्दाम एक आडवी रेघ लावतात ती याच मुभेतून. हे ऐकीव नाव आहे, आधार कार्ड नाही.

खरे उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमकडेच असते, आणि प्रत्येकीची खिडकी वेगळी. विंडोजवर ‘गेटमॉड्यूलफाइलनेम’. लिनक्सवर ‘/प्रॉक/सेल्फ/एक्सई’ हा दुवा वाचायचा. मॅकवर ‘एनएसगेटएक्झिक्युटेबलपाथ’. फ्रीबीएसडीवर ‘सिसकंट्रोल’, सोलारिसवर ‘गेटएक्झेकनेम’. ओपनबीएसडीवर भरवशाची खिडकीच नाही. एकदा खिडकी कळली की काम संपले असे वाटते, पण प्रत्येक खिडकीवर एक खोडी ठेवलेली आहे. लिनक्सचा दुवा वाचताना मजकुराच्या शेवटी शून्य लावले जात नाही. ते तुम्ही लावायचे, विसरलात तर मागचा कचरा पत्त्याला चिकटतो. प्रोग्रॅम चालू असतानाच पॅकेज अद्ययावत झाले तर त्याच पत्त्यापुढे कंसात ‘डिलीटेड’ असा शब्द येतो. विंडोजवर पत्ता बफरमध्ये मावला नाही तर तो निमूट कापला जातो, आणि एक्सपीवर तर कापल्यावर शेवटचे शून्यही लागत नसे. २६० अक्षरे पुरेत असे धरून चाललेले कितीतरी जुने प्रोग्रॅम विंडोज १०ने २०१६मध्ये ती मर्यादा ऐच्छिकपणे उठवल्यावरही तिथेच अडखळतात. बॅच फाइल लिहिणाऱ्यांचे बरे आहे: टक्का, टिल्डा, डी, पी, शून्य अशी पाच चिन्हे एकापुढे एक टाकली की फाइलचा स्वतःचा फोल्डर मिळतो, शेवटच्या रेघेसकट. दिसायला ओंगळ, पण इतकी मुकाट्याने काम करणारी ओळ मी दुसरी पाहिलेली नाही.

दुव्यांचा प्रश्न नाजूक आहे. प्रोग्रॅम एका कोपऱ्यात आणि ‘बिन’मध्ये त्याचा फक्त दुवा, ही रीत सर्रास आहे. अशा वेळी दुव्यामागचा खरा पत्ता काढायचा की नाही? फाइली शोधायच्या असतील तर काढावा. पण तो खरा पत्ता सेटिंगमध्ये लिहून ठेवू नये. मॅकवर सॉफ्टवेअर बसवून देणारे होमब्रू प्रत्येक आवृत्ती तिच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवते. आज जपलेला खरा पत्ता पुढच्या अपडेटनंतर नांदत्या घराचा राहत नाही.

इथवर गृहीत धरले की प्रोग्रॅम सुरू झाला आहे. लायब्रऱ्यांच्या बाबतीत तेवढीही मुभा नसते, कारण त्या तुमच्या पहिल्या ओळीच्या आधीच लोड होतात. विंडोज डीएलएल शोधताना आधी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये बघते. पोर्टेबल सॉफ्टवेअरचा निम्मा सुकाळ विंडोजवर झाला तो या एका नियमाने. लिनक्सचा लोडर ठरावीक फोल्डरांत बघतो. शेजारी बघ असे त्याला सांगायचे तर प्रोग्रॅमच्या आत ‘$ओरिजिन’ ही खूण कोरावी लागते. मॅकवर तीच गोष्ट ‘@एक्झिक्युटेबल_पाथ’ आणि ‘@आरपाथ’ने होते. खूण कोरायची राहून गेली असेल तर लिनक्सवर ‘पॅचएल्फ’ आणि मॅकवर ‘इन्स्टॉल नेम टूल’ नंतरही ती घालून देतात.

या सोयीची किंमत मोजावी लागली. ऑगस्ट २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने डीएलएल लोडिंगबद्दल जाहीर सूचना काढली: नेटवर्कवरच्या एखाद्या फोल्डरमधला निरुपद्रवी दस्तऐवज उघडला आणि त्याच्या शेजारी कोणी ओळखीच्या नावाची डीएलएल ठेवलेली असली, तर चालू फोल्डरमधून ती उचलली जाऊ शकते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीमध्ये ‘$ओरिजिन’चाच गैरफायदा घेऊन साधा वापरकर्ता रूट होऊ शकतो हे उघड झाले. डाउनलोड्स फोल्डरचेही तसेच. तिथे सगळ्या जगाचा कचरा पडलेला असतो, आणि तिथूनच चालवलेला इन्स्टॉलर ‘शेजारी बघू’ म्हणाला तर शेजारी कोण बसले आहे हे त्याला ठाऊक नसते.

आता एक गोष्ट जी इंग्रजी मुलखात कोणाच्या गावी नसते. फोल्डरचे नाव मराठीत असले तर? विंडोजच्या बहुतेक फंक्शनांची दोन रूपे आहेत, जुने ‘ए’ आणि युनिकोडचे ‘डब्ल्यू’. ‘ए’ रूप सिस्टिमच्या कोडपेजमध्ये उत्तर देते. इस्कीसारखे भारतीय मानक १९९१पासून असूनही विंडोजमध्ये सिस्टिमचे कोडपेज म्हणून देवनागरीला जागा कधी मिळालीच नाही. देवनागरी आली ती थेट युनिकोडमध्ये. त्यामुळे ‘हिशोब’ नावाच्या फोल्डरमधून चाललेल्या प्रोग्रॅमने ‘ए’ रूपाला आपला पत्ता विचारला की ‘????’ असे उत्तर येते. ‘हिशोब’ला पाच चिन्हे, म्हणून खरे तर ‘?????’. प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नाही, म्हणजे त्या पत्त्यावर काहीच कधी सापडणार नाही. स्वतःचे नाव विंडोजच्या खात्याला मराठीत देणाऱ्याच्या बाबतीत तर अख्खे होम फोल्डरच प्रश्नचिन्हांत जाते. २०१९च्या विंडोज १०मध्ये प्रोग्रॅमला ‘माझे कोडपेज यूटीएफ-८ धरा’ असे जाहीर करण्याची सोय झाली, पण जुने प्रोग्रॅम ते जाहीर करायला जिवंत कुठे आहेत?

लिनक्सवर पत्ता यूटीएफ-८मध्ये असतो, तिथे प्रश्नचिन्हे येत नाहीत. मात्र एकेका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि एका नावाची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे ८५ चिन्हे. मॅकची खोड आणखी खास आपली आहे. ‘बिऱ्हाड’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि नुक्ता अशी दोन. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नाव साठवताना त्याची फोड करून ठेवत असे. तुम्ही एक चिन्ह दिले, परत वाचताना दोन मिळाली. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण प्रोग्रॅमने स्वतःचा पत्ता आधी जपलेल्या पत्त्याशी बाइटागणिक ताडून पाहिला तर ‘हे माझे घर नव्हे’. जावावाल्यांची तऱ्हा निराळी: जारचा पत्ता यूआरएल म्हणून मिळतो, त्यात मोकळ्या जागेचे ‘%२०’ होते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची टक्क्यांची मालगाडी. ती सरळ करून न घेता फाइल उघडायला गेले की संपले.

या सगळ्याला कंटाळून बरेच जण म्हणतात, शोधायचेच कशाला, सगळे पोटात घाला. क्यूटीची रिसोर्स व्यवस्था हेच करते, गो भाषेने २०२१मध्ये ‘एम्बेड’ दिले, सीच्या नव्या मानकातही ते आले. छोट्या फाइलींसाठी हा उपाय उत्तम, आणि मी आता हाच आधी सुचवतो. दोनशे एमबीचा शब्दकोश किंवा वापरणाऱ्याला बदलायचे नमुने पोटात घालण्यात मात्र अर्थ नाही. पायइन्स्टॉलरचा एकफाइली प्रकार पोटातले सामान दरवेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडतो आणि प्रोग्रॅम बंद होताना तो फोल्डर पुसतो. त्यालाच आपले घर समजून सेटिंग तिथे लिहिणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. रोज सकाळी स्मृतिभ्रंश.

इथे मुख्य मुद्दा येतो. स्वतःची जागा ओळखणे हा प्रश्न आज जवळपास सुटलेला आहे. न सुटलेला प्रश्न आहे लिहायचे कुठे. शेजारी वाचणे ठीक. शेजारी लिहिणे ही वेगळी बाब. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवलेल्या सॉफ्टवेअरने तिथेच सेटिंग लिहायची ही एक्सपीच्या काळातली सवय २००७ साली घरोघरी आलेल्या व्हिस्टाने मोडली. मोडली तीही किती हळुवारपणे पाहा: जुना प्रोग्रॅम लिहायला गेला की विंडोज ते गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये लिहिते आणि प्रोग्रॅमला तसे सांगत नाही. प्रोग्रॅमला वाटते आपण घरी लिहिले. माणूस तिथे फाइल शोधतो तर नाही. लिनक्सवर २००३पासून एक्सडीजीचे नियम आहेत, सेटिंग कुठे, माहिती कुठे, हे सांगणारे. ते पाळले की वापरणाऱ्याचे सामान त्याच्या होममध्ये राहते आणि एका मशीनवरची दहा माणसे एकमेकांच्या सेटिंगवर चढत नाहीत. पण पेन ड्राइव्हवाल्याला नेमके ते नको असते.

यावर निघालेला तोडगा इतका साधा आहे की त्याचे श्रेय कोणाला द्यावे कळत नाही: खुणेची फाइल. नोटपॅड प्लस प्लसच्या एक्सईशेजारी ‘डूलोकलकॉन्फ’ नावाची रिकामी एक्सएमएल फाइल असली की सेटिंग तिथेच; नसली की वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये. व्हीएस कोडशेजारी ‘डेटा’ फोल्डर केला की तो पोर्टेबल. गोडो या खेळ बनवण्याच्या साधनाशेजारी ‘_एससी_’ नावाची फाइल ठेवायची. एकच प्रोग्रॅम, दोन्ही वृत्तींचा, आणि निवड वापरणाऱ्याची. ज्यांच्यात ही सोय नाही त्यांच्यासाठी पोर्टेबलअ‍ॅप्ससारखे प्रकल्प झाले. जॉन हॅलर यांनी २००४मध्ये फायरफॉक्सपासून सुरुवात केली. त्यांचा लाँचर प्रोग्रॅमच्या आधी चालतो, सेटिंगमधले जुने पत्ते नव्या ड्राइव्हच्या अक्षराने बदलतो, मग प्रोग्रॅम सोडतो. काल ई असलेला पेन ड्राइव्ह आज एफ झाला तरी ‘अलीकडच्या फाइली’ उघडतात त्या यामुळे. जखमेवरची पट्टी आहे, पण नेटकी आहे. विंडोजच्या खात्याला बांधून कुलूपबंद केलेले पासवर्ड मात्र अशा कोणत्याही युक्तीने दुसऱ्या मशीनवर उघडत नाहीत, आणि उघडू नयेतच.

गेल्या दहा वर्षांत हवा पालटली आहे. २०१६च्या मॅक ओएस सिएराने नेटवरून उतरवलेले अ‍ॅप फाइंडरने हलवले नाही तोवर एका यादृच्छिक, फक्त वाचण्याजोग्या पत्त्यावरून चालवायला सुरुवात केली. बंडलच्या आतल्या फाइली सापडतात. बंडलच्या शेजारी ठेवलेल्या सापडत नाहीत. ‘शेजारी’ हा शब्द सैल वापरणाऱ्यांची त्या वर्षी पळापळ झाली. लिनक्सवर सायमन पीटर यांचे अ‍ॅपइमेज हे रिस्क ओएसच्या फोल्डराचे नातवंड: एक फाइल, चालवली की तात्पुरत्या पत्त्यावर माउंट होते, आणि तिचा खरा पत्ता ‘अ‍ॅपइमेज’ नावाच्या चलात मिळतो. फ्लॅटपॅकने उलटीच चाल खेळली. प्रत्येक अ‍ॅपला त्याच्या बंदिस्त जगात ‘/अ‍ॅप’ हाच पत्ता दिसतो, प्रत्यक्षात ते डिस्कवर कुठेही असो. म्हणजे कोरलेला पत्ता पुन्हा खरा झाला! ज्या जुन्या सॉफ्टवेअरला स्वतःची जागा कधी ओळखता आली नाही, त्याच्यासाठी जगच त्याच्या समजुतीप्रमाणे रचून दिले. हुशारी आहे, मी रोज वापरतोही. पण नेटशिवायच्या लॅबमध्ये एक फोल्डर कॉपी करून पंधरा मशीनवर काम सुरू करायचे असेल तर मी आजही झिप फाइलच मागेन.

सॉफ्टवेअर लिहीत असाल तर प्रकाशित करण्याआधी पाच मिनिटे काढा. तयार फोल्डर उचला, दुसऱ्या ड्राइव्हवर टाका, त्याचे नाव ‘नवे बिऱ्हाड’ ठेवा, मधली मोकळी जागा आणि ‘ऱ’ यांसकट. मग तिथे न जाता, भलत्याच फोल्डरमध्ये उभे राहून, पूर्ण पत्ता देऊन तो चालवा. चालला तर झिप करा आणि पाठवून द्या.